सुपारी, सोडा आणि माझी दाढ

माझे दात सध्या वाटीत राहतात. मी पलंगावर, ते कोनाड्यात. दोघांचं बरं चाललंय. घरी आलेला माणूस आधी वाटीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विचारतो, "सोड्यानं गेले का हो? तुम्ही सोडावाले ना?" आता काय सांगणार? हो म्हणावं तर सोड्याची बदनामी, नाही म्हणावं तर माझी. सोड्यामुळे मला बायको मिळाली, तेव्हा बदनामी माझीच झालेली बरी. मला सवयपण आहे.

मी कोलशेतचा. तेव्हा आमच्याकडे खाडीच्या कडेनं मिठागरं होती आणि घरातली सगळी माणसं मिठागरावर. मीपण जायचो. पण डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून चाललो की मी नेमका पाण्याच्या बाजूला पडायचो. बाकीचे पाण्यातून मीठ काढायचे, मी ते परत पाण्यात घालायचो. वडील गेल्यावर मामानं थोडे दिवस हे बघितलं आणि बोलला, "भाच्या, तू मिठाचा माणूस नाय. तुला गोडात घालतो." आणि मला कल्याणच्या एका सोड्याच्या कारखान्यात चिकटवला. शाळेचं विचाराल तर शाळेच्या भिंतीला टेकून मी पुष्कळ बसलेलो. बाहेरच्या अंगानं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, पाण्याची टाकी आणि हातानं फिरवायचं मशीन. बाटल्या गोटीच्या. बाटलीत पाक आणि पाणी भरायचं, मशीनमध्ये अडकवायची, गॅस सोडायचा आणि चाक फिरवायचं. बाटली उलटीपालटी होते, आतली काचेची गोटी गॅसच्या जोरानं गळ्यात घट्ट बसते, झालं काम. कधीकधी बाटली फुटायची, म्हणून तोंडावर तारेची जाळी बांधायची. शेठ म्हणायचा, "जाळी बांधलीस की तू बरा दिसतोस."

लिंबू सोड्यात लिंबू नसायचं. खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे पांढरे खडे यायचे, त्याला लिंबाचं फूल म्हणतात. ते पाण्यात टाकलं की झालं लिंबू. मला त्याचा चाळा लागला. एक खडा गालात धरायचा आणि दिवसभर चोखायचा. दुसरी माणसं तंबाखू धरतात, मी फूल धरायचो. मला वाटायचं, आपण निर्व्यसनी.

शेडच्या कोपऱ्यात काथ्याच्या जाळीत बसवलेली एक मोठी रिकामी बरणी होती. शेठ सांगायचा, पूर्वी गॅसच्या लोखंडी टाक्या येत नसत. तेव्हा या बरणीतलं तेजाब, म्हणजे जहाल ॲसिड, खडूच्या भुकटीवर ओतून इथंच गॅस बनवायचे. तेजाब खालच्या भांड्यातच राहायचं, नुसता गॅस धुऊन पाण्यात जायचा. मी आलो तेव्हा ते सगळं बंद झालेलं. शेठनं मला एवढं नीट समजावून सांगितलं. त्यातला एकच शब्द माझ्या डोक्यात राहिला. तेजाब.

आता बघा, मिठागरावरून पडलेला माणूस गावाला परत जातो तेव्हा त्याला काहीतरी मोठं सांगावं लागतं. "बाटल्या धुतो" असं कोण सांगेल? मी पारावर बसून सांगायचो, "तेजाबाचं काम हाय. लोखंड टाकलं तर पाणी होतं." लोक विचारायचे, "आनि तू पितोस ते?" मी बोलायचो, "रोज. आता सवय झाली." म्हाताऱ्या गालावर हात ठेवायच्या. माझी छाती दोन बोटं पुढं यायची.

तेव्हा दारूबंदी नवीन होती. जत्रेत, लग्नात उघड्यावर ताडी चालत नसे, म्हणून सोड्याला एकदम मान आलेला. शेजारच्या गावात देवीची जत्रा होती. शेठनं मला हातगाडी आणि क्रेट देऊन तिकडं पाठवला. आणि तिथं ती आली. हिरवं लुगडं, अंगकाठी अशी की मिठाची भरलेली टोपली डोक्यावर घेऊन पळत जाईल. तिनं रासबेरी सोडा मागितला. मी ऐटीत अंगठ्यानं गोटी दाबली, फट्ट झालं, बाटली तिच्या हातात दिली. पहिल्याच घोटाला सगळा गॅस तिच्या नाकात चढला. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडभर हसू.

"यात काय गांधीलमाशा भरल्यास रं?" ती बोलली.

आता मी सरळ सांगायचं ना, बाई, गॅस आहे. पण समोर असं हसू असताना सरळ कोण बोलतो? मी मिशीवरून हात फिरवला, मिशी नव्हती तरी, आणि बोललो, "तेजाब हाय. आमी रोज पितो."

मागून एक काठी आली आणि तिच्या हातातली बाटली खाली पडली. काठीच्या दुसऱ्या टोकाला तिचा आजा होता. जमिनीवर सांडलेला सोडा फसफसला. आजानं काठीनं दाखवलं, "बघ. माती जलतं. तुजा कोठा नाय जलनार?" तिला हाताला धरून घेऊन गेला. जाताना तिनं मागं वळून बघितलं. मला वाटलं माझ्याकडे. तिनं नंतर सांगितलं, सांडलेल्या सोड्याकडे.

त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. मोहन्याला नवी सुताची गिरणी झालेली, तिथं कामगार सुटायच्या वेळी मी सोड्याचे क्रेट घेऊन जायचो. लोकांनी लिंबू मागितलं की मी रासबेरी द्यायचो, जिंजर मागितलं की रासबेरी. शेठनं मामाला बोलावून सांगितलं, "याचं लग्न करा, नाहीतर माझा रासबेरीचा पाक संपेल."

मामा माझ्यासाठी मागणी घालायला गेला. मलापण नेला. त्यांच्या ओटीवर बसलो. आजा बाहेर आला, मला बघितला आणि उभाच राहिला.

"ह्यो त्योच ना? तेजाबवाला?"

मामा बोलला, "अवो, पोरगा कष्टाळू हाय. कल्याणला नोकरी—"

"नोकरी असंल. हाडां कुठं हायती?" आजा माझ्या मनगटाला धरून बोलला. "रोज तेजाब पितो. वरून दिसतो बरा, आत सगला भुगा झाला असंल. उद्या पोरं झाली तर ती पन अशीच, बिनहाडाची. मांदेली परवडली, तिला निदान काटा असतो."

मी कळकळीनं बोललो, "आजा, त्यात तेजाब नाय. मी उगाच बोल्लेलो."

"म्हंजे खोटारडा."

"नाय, म्हंजे तेजाब होतं, पन आता नाय."

"म्हंजे पिऊन संपवलास."

मामानं मला कोपर मारलं. आजा आत गेला आणि एक शिंपली घेऊन आला, चिंबोऱ्या-शिंपल्या खाणारं घर. आम्ही भेट म्हणून लिंबू सोडा नेलेला. त्यानं काचेच्या गिलासात सोडा ओतायला लावला आणि त्यात शिंपली सोडली. तुम्ही कधी सोड्यात काही टाकून बघितलंय? खडबडीत काही पडलं की त्याच्या अंगावर बुडबुडे धरतात. शिंपलीवर सगळीकडून बुडबुडे आले, भराभर वर चढायला लागले. ओटीवरची सगळी माणसं पुढं वाकली.

"खातंय! खातंय तिला!"

"तो गॅस हाय!" मी ओरडलो.

"कोनाचा गॅस? शिंपलीचा? मगाशी समिंदरात होती तेव्हा तर गप होती," आजा बोलला.

आतल्या दाराशी हिरवं लुगडं दिसलं आणि माझं डोकं गेलं. आमच्यात लग्न ठरलं की सुपारी फोडतात. दोन्हीकडची मोठी माणसं बसतात, अडकित्त्यानं सुपारी फोडतात, साखर वाटतात, की ठरलं. दातानं सुपारी फोडायची चाल जगात कुठं नाही. ती मी काढली. मी उठून उभा राहिलो आणि छातीवर हात मारून बोललो, "माझी हाडां भुगा हायत ना? मग सुपारी मी दातानं फोडतो. फुटली तर पोरगी द्या."

मामा हळूच बोलला, "गप ऱ्हा रे शाण्या."

आजाचे डोळे चमकले. "आनि नाय फुटली तर?"

"तर परत या ओटीवर चढनार नाय."

बोलून गेलो. घरी येताना मामा एकच बोलला, "भाच्या, मिठागरावर तू पानीकडं पडायचास. आजपन तिकडंच पडलास."

मला रात्री शिंपली दिसायला लागली. मी कल्याणला एका डॉक्टरकडे गेलो. शिकलेला, चष्मेवाला, शांत माणूस. त्याला विचारलं, सोड्यानं माणूस आतून विरघळतो का?

"अरे, तुझ्या पोटात जन्मापासून जे आम्ल आहे ना," डॉक्टर म्हणाले, "ते तुझ्या बाटलीतल्यापेक्षा कितीतरी जहाल आहे. पोटाला त्याची सवय असते. सोडा प्यायलास तर फार तर ढेकर येईल. ज्याला मुळात जळजळीचा त्रास आहे त्यानं जपावं, एवढंच. हाडं विरघळत नाहीत."

मी उठलोच. "थांब," ते म्हणाले. "आ कर बघू." मी आ केला. गालात खडा होता.

"हे काय आहे?"

"लिंबाचं फूल. चाळा म्हनून."

"दिवसभर? आणि दात कशानं घासतोस?"

"जाड मीठ आनि कोळसा. मिठागरवाले आहोत ना आमी. चांगले खसाखसा घासतो. आंबट खाल्लं की लगेच, म्हंजे चकाकतात."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आंबटानं दाताचं वरचं कवच मऊ होतं. त्यावर तू लगेच मीठ घासतोस. चकाकी येत नाही रे बाबा, चकाकी जाते. पोटाला पुष्कळ बळ आहे, दाताला नाही. सोडा प्यायचा तर पी, जेवणाबरोबर पी, वरून चूळ भर. पण हा खडा आधी थुंक."

"सुपारी फोडता येईल?"

"कोणाची?"

"माझ्याच लग्नाची."

त्यांनी चष्मा परत चढवला. "मुलीकडे अडकित्ता नाही का?"

एवढं स्वच्छ सांगितलेलं. पण माझं डोकं शेठच्या वेळी चाललं तसंच चाललं. अर्धं ऐकायचं आणि तेच घरी न्यायचं. मी नेलं ते हे, की माझ्या पोटात जहाल तेजाब आहे आणि डॉक्टरनं पास केलंय.

सुपारीच्या दिवशी मी सकाळी दात मीठ लावून असे घासले की हिरड्यांतून रक्त आलं. मग घाबरलो, म्हणून गालात एक खडा ठेवला. शेवटचा म्हणून. तो संपला, मग अजून एक, खरोखर शेवटचा. त्यांच्या गावात पोचेपर्यंत दात असे आंबलेले की वारा लागला तरी शिरशिरी. सोबत पाहुण्यांसाठी लिंबू सोड्याचा क्रेट नेलेला. मामा म्हणालेला, नको नेऊ. मी म्हटलं, आपला माल, आपण लाजायचं कशाला?

ओटी भरलेली. आत बायकांचा गलका. आजानं मला समोर बसवला. मी आधीच तोंड उघडलं, सुपारीसाठी नाही, अक्कल दाखवायला.

"आजा, डॉक्टरला विचारलंय. तो बोल्ला, माझ्या पोटातच सोड्यापेक्षा जहाल तेजाब हाय."

आजानं सगळ्यांकडे बघितलं. "ऐकलात? आता पोटपन भरला त्यानी."

हशा झाला. मामानं डोक्याला हात लावला. आजानं कमरेच्या पिशवीतून सुपारी काढली. साधी नाही, रोठा. हातात घेतली तर दगड. "घे," तो बोलला.

मी देवीचं नाव घेतलं, सुपारी डाव्या दाढेखाली ठेवली आणि चावलो. काही नाही. डोळ्यांसमोर काजवे आले. परत जोर लावला, मान थरथरायला लागली. आणि आवाज आला. कडाक्!

"फुटली!" कोणीतरी ओरडलं. आत बायकांनी गाणं सुरू केलं. साखरेचं ताट फिरायला लागलं. मामानं आनंदानं पाठीत अशी थाप मारली की तोंडातलं गिळतच होतो. मी तोंड बंद करून बसलेलो. लोकांना वाटलं, लाजतोय. मला एकट्याला ठाऊक होतं, सुपारी जिभेवर सगळी गोल होती. बाजूला दुसरं काहीतरी होतं, टोकदार.

"थांबा," आजा बोलला. "तोंड उघड रं."

मी हातावर काढलं. आजानं धोतराच्या सोग्यानं पुसलं, बोटानं वेगळं केलं, सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"सुपारी सगली हाय. दाढ अर्धी."

गाणं मधेच थांबलं. ज्यांनी साखर तोंडात टाकलेली ते चघळायचे थांबले. गिळावी की थुंकावी, कोणाला कळेना. मामा चपला शोधायला उठला. मला बोलायचं होतं, पण दाढेतून वारा गेला आणि माझ्या तोंडून नुसतं "शीऽऽ" निघालं. म्हणजे झालं. माझं लग्न मीच चावून मोडलेलं. ओटीवर परत न चढायची शपथपण माझीच.

तेवढ्यात आतून आवाज आला. "आजा, ती दाढ सोड्यात टाक ना."

सगळ्यांनी माना वळवल्या. ती दारात उभी होती. सगळ्यांसमोर असं बोलायची रीत नव्हती, पण ती बोलली. "तूच बोल्लेलास ना, हाडां विरगलतात. मग रातभर ठेव. विरगलली तर ह्यो नको. नाय विरगलली तर सोड्याचा काय दोस?"

"सुपारी नाय फुटली ना पन," आजा बोलला.

"सुपारीची पैज त्याची. हाडांची गोष्ट तुजी. तुजी खरी कर आदी."

म्हाताऱ्याला हे झोंबलं. त्यानं गिलास मागवला, माझ्याच क्रेटमधला लिंबू सोडा ओतला आणि माझी अर्धी दाढ त्यात टाकली. तिच्यावरपण बुडबुडे चढले. गिलास देव्हाऱ्याशेजारी झाकून ठेवला आणि आजा आम्हाला म्हणाला, "सकाली या."

त्या रात्री मी जेवलो नाही. म्हणजे दुःखानं नाही, चावता येत नव्हतं.

सकाळी आम्ही गेलो. मी ओटीखाली अंगणातच उभा राहिलो, शपथ होती ना. आजा गिलास घेऊन बाहेर आला. गॅस केव्हाच उडालेला, वर पाकाला आलेल्या मुंग्या तरंगत होत्या. त्यानं दोन बोटं घालून दाढ काढली.

"हाय," तो बोलला. ओटीवर सगळ्यांनी श्वास सोडला.

मग तो पायऱ्या उतरून माझ्याजवळ आला, पाठ ओटीकडे करून. दाढेवर त्यानं नख ओढलं. नखाला खडूसारखं पांढरं लागलं. काल टोकदार चमकत होती ती दाढ आज चुनखडीसारखी मळकट दिसत होती. त्यानं ते नख मला दाखवलं. मी बघितलं. त्यानंपण बघितलं. डॉक्टर बोललेले ते सगळं त्या एका नखावर होतं, आणि मला आता कळलं, दाढ गेल्यावर.

"तेजाब नाय," आजा हळू बोलला. "पन पानीपन नाय."

"व्हय, आजा," मी बोललो, आणि डॉक्टरनं चुळीचं, मिठाचं सांगितलेलं या वेळी पुरतं सांगून टाकलं.

"गालात काय धरतोस रं? कालपासून बघतो."

मी गालातून खडा काढला. हो, तेव्हापण होता. त्यानं तो घेतला, जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि कुंपणापलीकडे फेकून दिला. मग ओटीकडे वळून मोठ्यानं बोलला, "सोडा बरा हाय. पोऱ्याच कच्चा हाय."

कोणी हसलं, कोणी नाही. मामा खाली बघत होता. मी शपथेप्रमाणे वळलो. तेवढ्यात आजा नातीला बोलला, "अगं, अडकित्ता आन."

तोच रोठा. माझ्या दाढेला हरवलेला. अडकित्त्यात घातला आणि टक्कन दोन तुकडे. मला राग आला, इतकं सोपं होतं! एक तुकडा मामाच्या हातावर ठेवला. मी हात पुढे केला.

"तू नको खाऊस," आजा बोलला. "वर ये."

एकच अट घातली, आणि ती मला नाही, तिला घातली. ह्यानं सोडा प्यायला की ह्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचा, चूळ भरल्याशिवाय सोडायचा नाही, आणि दात घासायला लगेच मीठ द्यायचं नाही. तिनं मान हलवली. मला कोणी विचारलंच नाही.

हळदीला सोडा वाटला. आजापण प्याला, रासबेरी. गॅस नाकात चढला तेव्हा माझ्याकडे असा बघितला की जणू मीच फुंकलोय.

तर दात सोड्यानं गेले का? काही खड्यांनी, काही मिठानं, एक रोठ्यानं, आणि बाकीचे वयानं. सोड्याचा वाटा त्यात असेलच, पण माझ्या अकलेपेक्षा कमी. मी अजून सोडा पितो, थोडा, जेवणाबरोबर. बायको अजून अट पाळते. परवा सोडा पिऊन गिलास खाली ठेवतो तोच ती तांब्या घेऊन हजर.

"अवो, चूल भरा."

मी बोललो, "कशाला? दात तर कोनाड्यात वाटीत हायत."

ती म्हणाली, "मग वाटीत वता."